हिरवी आधी की नारिंगी

ज्या प्रश्नाचे एकच उत्तर बरोबर असते तो आज ना उद्या सुटतो. ज्याची दोन्ही उत्तरे चूक असतात तो लोक हळूहळू विसरून जातात. परंतु ज्याची दोन्ही उत्तरे सारखीच बरोबर असतात, अशा प्रश्नासाठी फाइल उघडावी लागते, बैठक बोलवावी लागते आणि घरातल्या कर्त्या माणसाला स्वतः लक्ष घालावे लागते.

असा एक प्रश्न एका दुमजली घरात शुक्रवारी सकाळी एका वायरमनने विचारला. विचारताना त्याच्या तोंडात दोन स्क्रू होते, त्यामुळे आपण काय करून बसलो हे त्याच्या लक्षात आले नाही.

घर दोन भावांचे होते. खाली थोरले, वर धाकटे. थोरले मापन कार्यालयातून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षे त्यांनी दुकानदारांचे तराजू, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या आणि पेट्रोल पंपांवरची मापे तपासली होती. खोट्या मापाचा त्यांना राग येई हे खरेच, पण शिक्का नसलेल्या खऱ्या मापाचा त्याहून जास्त येई. (निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी घरातल्या सगळ्या वाट्यांमध्ये पाणी ओतून त्यांची मापे काढली आणि प्रत्येकीच्या बुडावर कोरून ठेवली. तेव्हापासून त्यांच्या बायकोने पाहुण्यांसमोर वाट्या काढणे बंद केले.) धाकटे टेलिफोन खात्यात होते. अर्धी नोकरी त्यांनी खांबावर काढली आणि उरलेली अर्धी खांबावर कोणाला चढवायचे हे ठरवण्यात. ते एकटेच राहत आणि जेवायला खाली येत.

थोरल्यांचा मुलगा मालवाहू जहाजावर होता आणि या संपूर्ण काळात तो समुद्राच्या मध्यभागी होता. (पुढे त्याने ही आपल्या नोकरीतली सर्वांत सुखाची खेप असल्याचे सांगितले.) घरी त्याची बायको, म्हणजे थोरल्यांची सून होती, आणि प्रश्न तिच्या नोकरीचा होता.

सून खुणांच्या भाषेची दुभाषी होती. ऐकू न येणारा माणूस दवाखान्यात किंवा बँकेत गेला की तिथली मंडळी हिला व्हिडिओवर जोडून घेत. समोरचा बोलेल ते ही हातांनी सांगे, आणि तो माणूस हातांनी सांगेल ते ही बोलून दाखवी. काम घरून, मागच्या खोलीत बसून चाले. खोलीचे दार बंद व्हायला हवे आणि पाठीमागे कोरी भिंत हवी, अशा तिला काम देणाऱ्या संस्थेच्या दोन अटी होत्या. त्या दोन्ही ती खोली पाळत होती. तिसरी अट इंटरनेटची. ते धाकट्यांच्या दिवाणखान्यात येत होते, कारण खांब त्यांच्या गॅलरीसमोर होता. तिथून मागच्या खोलीपर्यंत यायला वायफायला एक स्लॅब, दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडावे लागे. पोहोचेपर्यंत ते दमून जाई.

एकदा डॉक्टर एका रुग्णाला म्हणाले, "उद्या सकाळपासून काही खायचं नाही." ही जी खुणांची भाषा बोले तिच्यात 'नाही' वाक्याच्या अगदी शेवटी येते. चित्र त्याच्या आधी गोठले. रुग्णाला 'उद्या सकाळपासून खायचं' एवढे समजले आणि त्याने ते मनापासून पाळले. ऑपरेशन पुढे ढकलावे लागले.

संस्थेने सुनेची कामे थांबवली. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला तासाभराची तपासणी होईल, त्यात चित्र तीनदा गोठले तर यादीतून नाव कमी होईल, असे पत्र आले. पत्राबरोबर संस्थेने तपासणीसाठी व्हिडिओ जोडणारी आपली स्वतःची पेटी पाठवली. ती जुनी होती. तिला वायफाय माहीत नव्हते, वायरच लागत असे. वर जाऊन बसण्याचा मार्गही होता. परंतु वरच्या मजल्यावर दार बंद होणारी एकच खोली होती आणि तीत धाकट्यांनी खात्यातून भंगारात जाताना वाचवलेले दोनशे सतरा टेलिफोन राहत होते.

म्हणून वायरमन आला. त्याने भिंतीतल्या जुन्या पाइपातून वरपासून खालपर्यंत केबल ओढली, वरचे टोक धाकट्यांच्या जुन्या राउटरजवळ सोडले, खालचे सुनेच्या टेबलाजवळ सोडले, हातभर वायर जास्तीची ठेवली, आणि पक्कड हातात घेऊन विचारले, "ए करू का बी?"

"म्हणजे?" थोरले म्हणाले.

वायरमनने तोंडातले स्क्रू खिशात टाकले आणि केबलचे साल सोलून दाखवले. आत आठ बारीक तारा होत्या. नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा चार. आणि प्रत्येकीला वेटोळे घालून बसलेली तिची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदारीण. या आठ तारा एका ओळीत कनेक्टरमध्ये घालायच्या. ए पद्धतीत हिरवी जोडी पहिल्या दोन जागांवर बसते. बी पद्धतीत तिथे नारिंगी बसते आणि हिरवी तिच्या जागी जाते. निळी आणि तपकिरी दोन्ही पद्धतींत आपापल्या जागा सोडत नाहीत. (कमी वेगाच्या जोडणीत या दोन जोड्या काहीच काम करत नाहीत, असे वायरमनने सांगितले. काम न करणाऱ्याची बदली होत नाही, हे थोरल्यांना कार्यालयातून माहीत होते.)

"आणि फरक काय दोघांत?"

"फरक काहीच नाही, साहेब. ए लावा, बी लावा, गाडी पळणार. फक्त दोन्ही टोकांना सारखं पाहिजे."

चौतीस वर्षे मापे तपासलेल्या माणसाला असे काही ऐकवू नये. थोरले खुर्चीवर बसले. फरक काहीच नसेल तर नावे दोन कशाला? आणि नावे दोन असतील तर फरक नाही असे हा पक्कडवाला कोणाच्या अधिकारात म्हणतो?

"थांबा जरा," ते म्हणाले. "हे असं उभ्याउभ्या ठरवायचं नसतं."

"पाच मिनिटांचं काम आहे, साहेब."

"म्हणूनच."

वायरमनने थोरल्यांकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, मग पक्कड आणि मूठभर कनेक्टर टेबलावर ठेवले. "ठरलं की फोन करा," तो म्हणाला. "नाहीतर तुम्हीच लावा. ही पक्कड राहू द्या, माझ्याकडे दुसरी आहे." आणि तो गेला. तो अनुभवी होता.

पहिली बैठक शनिवारी जेवणाच्या टेबलावर झाली. अध्यक्ष थोरले, सदस्य धाकटे, कायम निमंत्रित सासूबाई. सुनेला लाभार्थी म्हणून उपस्थित राहण्याची मुभा होती, मत नव्हते. (लाभार्थ्याला मत दिल्यास निर्णय लाभाच्या बाजूने झुकतो, हे कार्यालयात वारंवार दिसून आले होते.)

थोरल्यांनी ए चा प्रस्ताव मांडला. कारण त्यांच्या दृष्टीने स्पष्ट होते. ए आधी येते.

"दादा, सगळं जग बी लावतं," धाकटे म्हणाले.

"जग शेराला पण सोळा छटाक मोजायचं. आपण बंद केलं ना ते?"

"ते तू बंद केलंस का?"

"आमच्या कार्यालयाने केलं."

धाकटे सहसा एवढे बोलत नसत. जन्मापासून ते दुसरे होते. शाळेत थोरल्यांची पुस्तके, थोरल्यांचा सदरा, थोरल्यांची सायकल. घर बांधले तेव्हा वरचा मजला, कारण खालचा आधी झाला. एकसष्टाव्या वर्षी त्यांना प्रथमच अशी एक जागा सापडली होती जिथे दुसऱ्या क्रमांकाच्या मागे सगळे जग उभे होते. ती जागा ते सहजासहजी सोडणार नव्हते. शिवाय निळी जोडी मधोमध का असते हे त्यांना ठाऊक होते. मधल्या दोन जागा मुळात टेलिफोनच्या. "ही मधली जोडी आमची आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी तारेवरून असे बोट फिरवले की जणू ती निवृत्तीच्या समारंभात त्यांना दिली होती.

थोरल्यांनी दोन्ही पद्धतींचे रंगीत तक्ते काढले होते. सासूबाईंनी चष्मा लावून ते नीट पाहिले. "इथे नारिंगी जोडी फोडून मध्ये निळी दोघं बसवलीत," त्या म्हणाल्या. "आणि तिथे हिरवी फोडलीत. म्हणजे काहीही केलं तरी एका जोडप्याच्या मध्ये दोघं घुसतातच."

असे म्हणून त्यांनी आधी नवऱ्याकडे आणि मग दिराकडे पाहिले आणि त्या चहा टाकायला उठल्या. हे निरीक्षण इतिवृत्तात घेण्यात आले नाही.

"बाबा, शुक्रवारी अकराला तपासणी आहे," सून म्हणाली.

"म्हणूनच घाई करायची नाही," थोरले म्हणाले. ते तिच्याशी कधीही तुसडेपणाने वागत नसत. ती या घरात आली तेव्हा त्यांनी तिच्या खोलीतल्या टेबलाची उंची तीन वेळा मोजून, तिच्या कोपराला बेताची करून घेतली होती. तिचे काम नीट व्हावे असे मनापासून वाटणारा या घरात पहिला माणूस तेच होते. तिचे काम चुकीच्या पद्धतीने नीट व्हावे, एवढेच त्यांना नको होते.

रविवार ते मंगळवार थोरल्यांनी पाहणी केली. भिंग, वही आणि छोटी विजेरी घेऊन ते गल्लीतल्या अकरा घरी गेले आणि यंत्रांच्या मागे वाकून कनेक्टर पाहिले. सात घरी बी. दोन घरी ए. एका घरी एका टोकाला ए आणि दुसऱ्या टोकाला बी होते. नवे यंत्र असे आडवेतिडवे आले तरी आपले आपण समजून घेते, म्हणून ते चालत होते. (घरमालकांना ही गोष्ट सांगण्यात आली. त्या आधी ते सुखी होते.) अकराव्या घरी आठ तारा कुठल्याच क्रमात नव्हत्या. विचारले तेव्हा त्या घरच्या बाई म्हणाल्या, "हळू चालतं, पण चालतंय की." थोरल्यांनी नोंद केली: 'अज्ञान. समाधानकारक.'

बुधवारच्या बैठकीत आकडेवारी वाचण्यात आली. बी चे प्रमाण त्रेसष्ट पूर्णांक चौसष्ट शतांश टक्के निघाले. धाकट्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. इतक्या वर्षांत त्यांना एवढे बहुमत मिळाले नव्हते.

"बहुमताने किलो ठरत नाही," थोरले म्हणाले.

"मग पाहणी कशाला केलीस?"

"पाहणी करावी लागते."

धाकटे जेवण अर्धवट टाकून वर गेले. त्यानंतर त्या दिवशी ते खाली आले नाहीत. सासूबाईंनी ताट वर पाठवले तेही झाकलेले परत आले. घरात इतक्या वर्षांत जागेवरून भांडण झाले होते, पाण्याच्या टाकीवरून झाले होते, पण ताट कधी परत आले नव्हते. थोरल्यांनी ते झाकलेले ताट पाहिले. संध्याकाळभर ते रोज मोजून चालायचे तितक्याच पावलांत अंगणाच्या फेऱ्या मारत राहिले, फक्त मोजत नव्हते.

गुरुवारी सकाळी सासूबाई मध्ये पडल्या. त्यांनी तोडगा सुचवला तो असा: जिथे ज्याचा मजला तिथे त्याची पद्धत. वर बी, खाली ए. दोघांचाही मान राहतो. हा तोडगा दोघांनाही इतका आवडला की तो का चालणार नाही हे सांगणाऱ्या एकमेव व्यक्तीकडे कोणी पाहिले नाही.

"दोन्ही टोकांना सारखं पाहिजे, असं तो म्हणाला होता ना," सून म्हणाली.

"गल्लीत एका घरी चालतंय तसं," थोरले म्हणाले. "पाहणीत आलंय."

वायरमनला फोन केला तर तो दुसऱ्या गावी कामावर होता, सोमवारी येतो म्हणाला. म्हणून दोघे भाऊ आपापल्या टोकाला बसले. धाकट्यांचे टोक दहा मिनिटांत झाले. थोरल्यांना जास्त वेळ लागला, कारण तारा सारख्या लांबीच्या असाव्यात हे त्यांना पटले होते आणि किती सारख्या हे त्यांना पटत नव्हते. तारा कापायच्या, भिंगातून पाहायच्या, कनेक्टरमध्ये घालायच्या, पक्कड दाबायची, एखादी तार आतल्या पितळी दाताला लागली नाही असे दिसायचे, की कनेक्टर कापून टाकायचा आणि पुन्हा साल सोलायचे. प्रत्येक वेळी तीन बोटे वायर कमी होई. सहाव्यांदा जमले तेव्हा हातभर ठेवलेल्या वायरीतली वीतभर उरली होती. सुनेने टेबल भिंतीकडे सरकवून घेतले.

वायर पेटीत लावली. पेटीवर दिवा लागला नाही.

सुनेने वायरमनला पुन्हा फोन लावला आणि सगळे सांगितले. मग तो म्हणाला, "नवी पेटी असती तर चाललं असतं, ताई. जुनीला एवढी अक्कल नसते. तिला सरळ लागतं. दोघांतलं एक टोक बदला."

दोघांतले एक. म्हणजे कोणाचे, हे त्याने सांगितले नाही. (या माणसाची चुकांतून शिकण्याची गती वाखाणण्यासारखी होती.)

थोरले जिन्याच्या तळाशी उभे राहिले. धाकटे जिन्याच्या माथ्यावर.

"तू बदल," थोरले म्हणाले.

"माझं पहिल्या फटक्यात झालंय. बदलायचं असेल तर तू बदल, तुला सवय झालीय."

यानंतर दोन्ही मजल्यांची दारे बंद झाली.

दुपारी थोरले पाणी प्यायला उठले तेव्हा सून जिन्याच्या मधल्या वळणावर बसली होती. समोर कोणी नव्हते, यंत्रही नव्हते. ती भिंतीकडे तोंड करून हातांनी बोलत होती. सराव करत होती. थोरले पेला हातात धरून पाहत राहिले. त्यांना त्या भाषेतले काही कळत नसे, पण हातांची लय कळे. दर तीन-चार वाक्यांनंतर तिचे हात मध्येच थांबत, क्षणभर तसेच हवेत राहत आणि मग ती तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून करी. आधी त्यांना वाटले ती चुकतेय. मग लक्षात आले, की चित्र गोठले असेल या सवयीने ती थांबतेय. भिंतीसमोरसुद्धा.

"बाबा, काही हवंय का?" तिने विचारले.

"नाही," ते म्हणाले. "पाणी घेतलं."

थोरले खोलीत आले आणि पलंगावर बसून राहिले. चौतीस वर्षांत त्यांनी किती दुकानदारांचे तराजू उचलून नेले याची त्यांच्याकडे नोंद होती. पण तराजू नेल्यावर ते दुकान त्या दिवशी कसे चालले, याचा रकाना त्यांच्या वहीत नव्हता. हे त्यांना तेव्हा प्रथमच आठवले, म्हणजे आठवण्यासारखे काही तिथे नाही, हे आठवले.

शुक्रवारी सकाळी सून अंघोळीला गेल्यावर थोरल्यांनी मागच्या खोलीचे दार लावून घेतले, आपला ए चा कनेक्टर कापला आणि बी लावला. नारिंगी पहिली घालताना त्यांचा हात थोडा अडखळला, पण या वेळी पहिल्याच खेपेला जमले. कोणाला काही न सांगता ते वर्तमानपत्र घेऊन बसले. मोठेपणा दाखवताना त्याचे प्रदर्शन करू नये, असे त्यांचे मत होते. मात्र दहा वाजून वीस मिनिटांनी सून वायर लावून पाहील तेव्हा तो आपोआप सर्वांच्या नजरेस येईल, याची त्यांनी तजवीज केली होती.

दहा वीसला सुनेने वायर लावली. दिवा लागला नाही.

थोरले वर्तमानपत्र टाकून उठले. धाकटेही जिन्यावरून खाली आले. त्यांचा चेहरा, अनपेक्षित असे काहीतरी घडल्यावर माणसाचा होतो तसा झाला होता.

"काका, वर काय लावलंय?" सुनेने विचारले.

धाकटे जिन्याच्या पायऱ्यांकडे पाहू लागले.

"काका."

"ए," धाकटे म्हणाले.

"ए?" थोरले म्हणाले. "तू कशाला ए लावलंस?"

"म्हटलं, तुझं ऐकावं. जन्मभर ऐकलं, आणखी एकदा ऐकून काय बिघडतंय. पहाटे उठून लावलं. आणि खाली काय आहे?"

थोरल्यांनी घसा साफ केला. "बी."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या खाली बसल्या.

यानंतर जे झाले ते दोन्ही भावांच्या स्वभावाला धरूनच झाले. थोरले म्हणाले, मी माझं परत बदलतो. धाकटे म्हणाले, तू कशाला, मी बदलतो. थोरले म्हणाले, तू लहान आहेस, तू किती वेळा करणार. धाकटे म्हणाले, म्हणूनच मी करतो. आणि दोघेही एकाच वेळी, एक वर आणि एक आत, निघाले.

"कोणीही जागचं हलायचं नाही," सून म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. ती या घरात आल्यापासून तिने कोणाला काही करू नका म्हणून सांगितले नव्हते, त्यामुळे ते वाक्य ऐकायला सगळ्यांना थोडा वेळ लागला. तिने पक्कड घेतली, जमिनीवर मांडी घातली, खालचा कनेक्टर कापला आणि साल सोलले. तिची बोटे दिवसभर हवेत बारीक फरक करत असत. आठ तारा तिने पत्ते लावावेत तशा लावल्या. हिरवा पट्टा, हिरवी, नारिंगी पट्टा, निळी. थोरल्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, पण आवाज बाहेर आला नाही. एकदा तिने त्यांच्याकडे पाहिले, फक्त पुढची निळीच ना एवढ्यासाठी, आणि त्यांनी मान हलवली. समितीने लाभार्थ्याच्या प्रश्नाला दिलेले हे पहिले थेट उत्तर होते.

दहा एकोणचाळीसला दिवा लागला. हिरवा, न लुकलुकता.

आता वायर चार बोटे उरली होती. पेटी भिंतीला अगदी टेकवावी लागली आणि टेबलही तिच्या मागोमाग गेले. सून बसली आणि तिने कॅमेऱ्यात पाहिले तर तिच्या पाठीमागे कोरी भिंत नव्हती, लोखंडी कपाट होते. कपाटावर जहाजाची दिनदर्शिका, दोन सुटकेसा आणि थोरल्यांनी प्रमाणित केलेल्या वजनांचा एक संच होता. अट क्रमांक दोनचा भंग होत होता. दहा सत्तेचाळीस झाले होते.

सासूबाईंनी पांढरी चादर आणली. ती टांगायला खिळा नव्हता. (भिंतीत खिळा मारण्यास थोरल्यांनी दहा वर्षांपूर्वी लेखी मनाई केली होती.) तेव्हा सासूबाईंनी चादरीचे एक टोक नवऱ्याच्या हातात दिले, दुसरे दिराच्या हातात दिले, दोघांना कपाटाच्या दोन बाजूंना उभे केले आणि म्हणाल्या, "वर धरा. सारखं धरा. एक तास." आणि त्या बाहेर जाऊन दार लावून उभ्या राहिल्या.

तपासणी करणाऱ्या बाई स्वतः ऐकू न येणाऱ्या होत्या. पडद्यावर त्या झरझर हातांनी बोलू लागल्या आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या, ऐकू येणाऱ्या सहकाऱ्यासाठी सून ते बोलून दाखवू लागली. त्या एका पेन्शनच्या अर्जाबद्दल तक्रार करणारी आजी झाल्या, मग मुलाच्या शाळेत प्रवेश मागणारा बाप झाल्या, मग एक अत्यंत चिडलेला बसचा प्रवासी. चादरीच्या दोन बाजूंना दोन भाऊ उभे होते. दोघांनी हिला कामावर बोलताना कधी ऐकले नव्हते. ती आजी बोलत होती तेव्हा खोलीत आजी होती. प्रवासी चिडला तेव्हा धाकट्यांना वाटले आपणच काही केले.

विसाव्या मिनिटाला थोरल्यांचा हात खाली यायला लागला. धाकट्यांचा येत नव्हता. त्यांनी खांबावर लोंबकळून हात वर करून काम करण्यात आयुष्य घालवले होते. थोरल्यांच्या बाजूने चादर बोटभर उतरली, मग दोन बोटे. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून भावाकडे पाहिले. धाकट्यांनी त्यांच्याकडे पाहिले नाही. पण चादरीचे त्यांचेही टोक बोटभर खाली आले, मग दोन बोटे. आणि शेवटपर्यंत थोरल्यांचा हात जिथे असेल तिथे धाकट्यांचा होता.

बारा वाजता पडदा बंद झाला. सून वळली तेव्हा दोघे अजून चादर धरूनच उभे होते. "झालं," ती म्हणाली. "सोडा आता."

दोघांनाही हात खाली करायला वेळ लागला.

निकाल सोमवारी आला. चित्र एकदा गोठले, एक सेकंद. भाषा उत्तम. नियुक्ती कायम. शेऱ्यात एवढेच होते की पार्श्वभूमी पांढरी व नियमाप्रमाणे असली तरी ती अधूनमधून श्वास घेते, तेवढे पाहावे. त्या दिवशी धाकटे जेवायला खाली आले आणि थोरल्यांनी भाजी स्वतः वाढली, डावाने मोजून नाही, अंदाजाने. वायरमन त्याच दुपारी आला, त्याने सगळे पाहिले आणि जास्तीची वायर आणून नवी केबल ओढून दिली. दोन्ही टोकांना त्याने काय लावले हे त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही.

थोरल्यांनी सवयीने अहवाल लिहिला. सेहेचाळीस पाने झाली. त्यात दोन्ही तक्ते आहेत, अकरा घरांची पाहणी आहे, गुरुवारी काय चुकले ते आहे, शुक्रवारी सुनेने दहा मिनिटांत काय केले ते आहे, आणि समितीचा निष्कर्ष आहे: दोन्ही पद्धती सारख्याच बरोबर, टोके सारखी ठेवावीत, ज्याचे काम अडले आहे त्याला पक्कड द्यावी. पाने गुळगुळीत कागदावर टंकून, दोऱ्याने शिवून त्यांनी तो अहवाल वाचायला ठेवला. गल्लीतले लोक मागून नेऊ लागले. अकराव्या घरच्या बाईंनी सुद्धा नेला.

आतापर्यंत तेवीस जणांनी तो वाचून परत आणून दिला. सुनेचे पुढे काय झाले, नोकरी राहिली का, हे त्यांतल्या एकानेही विचारले नाही. तेवीसच्या तेवीस जणांनी पायरीवर उभे राहून, आवाज जरा खाली आणून, एकच प्रश्न विचारला: "ते सगळं ठीक आहे हो, पण मुळात बरोबर कोणतं?"

थोरले अशा माणसाला आत बोलवतात, खुर्ची देतात आणि वहीत त्याचे नाव घेतात. समितीत जागा रिकाम्या आहेत. आपण सुज्ञ आहात, आणि हा प्रश्न आपल्या मनात एकदाही आला नसणार, याची खात्री आहे. आला असल्यास नाव, पत्ता आणि हिरवी की नारिंगी, एवढे कळवावे. बैठकीला येताना भिंग आपले आपण आणावे.